चौदाव्या जबाबाची रुजवात

"हा सात आहे की एक? का लिहिता लिहिता कोणी शिंकलंय?" वन्सं पुटपुटल्या.

आम्ही दोघी खांद्याला खांदा लावून बसतो, त्यामुळे माझ्या नणंदेची पुटपुट हा माझा दिवसभराचा रेडिओ. बंद करायची सोय नाही.

"सात," मी म्हणाले. "एक असता तर शेपटी सरळ असती."

"वहिनी, तुला शेपट्या बऱ्या कळतात."

"तुमच्या घरात येऊन शिकले."

दाराशी बसलेले मामंजी खोकल्यासारखं हसले. मंगळवारची सकाळ होती, अकरा वाजत आले होते, आणि तोपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं.

कोर्टासमोरच्या रस्त्यावर आमचं टायपिंगचं दुकान आहे. एक खोली, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, कागदांना भोकं पाडायचा टोचा, भिंतीवर पाच मिनिटं पुढे असलेलं घड्याळ. दुकान मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी काढलं. आता त्यांचे डोळे अधू झालेत. ते फक्त शिक्के मारतात, दाखल्यांवर सही करतात आणि कोर्टातून बाहेर पडणाऱ्या वकिलाच्या पावलांच्या आवाजावरून कोण हरलं ते सांगतात. बहुतेक वेळा बरोबर निघतं. माझे यजमान नोकरीपायी परगावी असतात. वन्संनी लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणतात, एका माणसाच्या चुका तपासण्यात जन्म घालवण्यापेक्षा मी सगळ्यांच्या तपासते.

खालच्या कोर्टातला खटला अपिलात वर जातो, तेव्हा सगळं दप्तर पानास पान नव्याने टाइप करून, क्रमांक घालून, शिवून द्यावं लागतं. ते काम आमच्याकडे येतं. वरचे न्यायाधीश साक्षीदाराचं तोंड बघत नाहीत, आम्ही शिवलेले कागद बघतात. जे कागदात नाही ते त्यांच्या दृष्टीने घडलंच नाही. म्हणून आमच्याकडे रुजवात कडक. एकीने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसरीने टाइप केलेल्या पानावर बोट फिरवायचं. विरामचिन्हंसुद्धा वाचायची, तीही तोडून, म्हणजे वेळ वाचतो. 'तो आला स्वल्प मी पाहिलं पूर्ण.' एका सुरात, भराभरा. बाहेरच्या माणसाला त्यातलं काही कळत नाही. वीस वर्षांनंतर आम्हांलाही कळत नाही. डोळ्यांतून आत जातं, तोंडातून बाहेर येतं, मधलं घर रिकामंच. माणूस कसा मेला ते वाचताना मी संध्याकाळच्या भाजीचा विचार केलेला आहे. लाज वाटते, पण खरं आहे.

त्या आठवड्यात दुरुस्तीवाल्याचं अपील होतं. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. नऊ वर्षांपूर्वी संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास एका गोदामाच्या मालकाचा खून झाला आणि याला जन्मठेप लागली. अपील इतकी वर्षं धूळ खात पडलं होतं. आता सोमवारी सुनावणी. शुक्रवारी चार वाजता कोर्टाचा शिपाई दप्तर न्यायला येणार होता, आणि त्याआधी मामंजींनी दाखल्यावर सही करायची होती: मूळ दप्तरात याव्यतिरिक्त एकही कागद नाही.

त्याची आई आमच्याकडे येते. भेटीचा अर्ज, औषधाचा अर्ज, एकदा तर त्याचा चष्मा फुटला म्हणून चष्म्याचा अर्ज. आम्ही तिला मावशी म्हणतो. आमच्या दुकानात गिऱ्हाईक उभं राहतं, भले वकील असो. मावशींना मात्र बाक, पंख्याखालचा. तसं कोणी ठरवलं नव्हतं.

तर मंगळवारी वन्सं मूळ वाचत होत्या, मी बोट फिरवत होते. चौऱ्याऐंशीव्या पानावर तेराव्या साक्षीदाराचा जबाब संपतो. पंच्याऐंशीवर पंचनामा सुरू होतो.

"पूर्ण," वन्सं म्हणाल्या, श्वास घेतला आणि त्याच सुरात पुढे निघाल्या, "साक्षीदार क्रमांक चौदा स्वल्प समक्ष विचारल्यावरून सांगते की स्वल्प मी इमारतीत लिफ्ट चालवण्याचं काम करते पूर्ण त्या दिवशी पाच चाळीसला लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकली पूर्ण आत मी आणि दुरुस्तीवाला असे दोघंच होतो पूर्ण दिवा गेला पूर्ण"

माझं बोट पंचनाम्याच्या पहिल्या शब्दावर थांबलं.

"वन्सं."

"मला अंधाराची भीती वाटते पूर्ण त्याने सांगितलं स्वल्प बाई स्वल्प साठपर्यंत मोजा आणि झाले की मला सांगा पूर्ण"

"वन्सं!"

त्या दचकल्या. "काय गं? चुकलं कुठे?"

"तुम्ही आत्ता काय वाचलंत?"

"कुठे काय? चौऱ्याऐंशी संपवलं. पंचनामा सुरू करणार तर तू मधेच ओरडलीस."

मी त्यांच्या हातातले कागद घेतले. चौऱ्याऐंशी, मग पंच्याऐंशी. भोकाला भोक जुळत होतं. मधे काही नव्हतं.

आता सांगितलंच पाहिजे. ते शब्द माझ्या ओळखीचे होते, आपल्या हाताची चव आपल्याला ओळखू येते तसे. नऊ वर्षांपूर्वी ते मीच टाइप केले होते. तेव्हा पोलीस ठाण्यात टायपिस्ट नव्हता, म्हणून हाताने लिहिलेले जबाब आमच्याकडे यायचे. या केसमधे चौदा होते. मी टाइप केले, वन्संनी रुजवात घेतली. दोन दिवसांनी तपास करणारे साहेब आले. बसले नाहीत. टेबलाच्या कडेला टेकून म्हणाले, "त्या चौदावीचं राहू दे. उगाच बचावाच्या वकिलाच्या हातात कोलीत. यादी तेरांची करा." मामंजींनी पान काढून त्यांच्या हातात ठेवलं. मी यादी नव्याने टाइप केली. वन्संनी तिचीही रुजवात घेतली. एकही चूक निघाली नाही. पुढे खटल्यात तो लिफ्टमधे होतो म्हणत राहिला, पण यादीत तसा साक्षीदारच नव्हता, म्हणून कोणी मानलं नाही.

'आपल्याला काय, आपण टाइप करणारे,' असं त्या दिवशी आमच्यातलं कोणीतरी म्हणालं. कोण ते मला आठवत नाही. त्यानंतर आमच्या घरात त्या विषयावर एक अक्षर नाही.

मी सातवीत शाळा सोडली. कायदा जेवढा आला तेवढा बोटांतून आला. 'आरोपीच्या फायद्याचा कागदही सरकार पक्षाने आरोपीला दिला पाहिजे, तो दडवून चालवलेला खटला न्याय्य नव्हे.' हे वाक्य वेगवेगळ्या निकालांत मी निदान चाळीस वेळा टाइप केलं असेल. दर वेळी बिनचूक.

लिफ्टवाल्या बाई शिक्षा झाल्यावर एकदा दुकानात आल्या होत्या. ठेंगण्या, निळ्या गणवेशातल्या. "माझा जबाब तुमच्याकडे टाइप झाला ना? मग मला कोर्टात बोलावलं का नाही?" मी म्हणाले होते, "आमच्याकडे कागद राहत नाहीत." ते काही खोटं नव्हतं. चार वर्षांपूर्वी त्या वारल्या. मामंजींनी ते कोणाकडून तरी ऐकलं आणि जेवताना सांगितलं. आम्ही जेवत राहिलो.

बुधवारी मी म्हटलं, "वन्सं, आज मी वाचते. तुमच्या डोळ्यांना जरा आराम."

माझा हिशेब सरळ होता. सोमवारी रात्री त्यांना झोप नसेल, जुनं काही डोक्यात फिरत असेल, तोंडातून गेलं असेल. माणसं झोपेत बोलतात, तशी या कामात जागेपणी बोलत असतील. मी चौऱ्याऐंशी वाचलं. पूर्ण. पंचनामा सुरू केला. गोदामाचं दार, कुलूप, फरशी, सगळं नीट. मनात म्हटलं, चला. मान वर केली.

वन्सं माझ्याकडे बघत होत्या. त्यांचं बोट पंचनाम्याच्या पहिल्याच शब्दावर होतं.

"वहिनी, काय वाचत होतीस?"

"पंचनामा."

"मग साठ-साठ काय मोजत होतीस?"

मी घड्याळाकडे पाहिलं. वीस मिनिटं गेली होती. घसा कोरडा पडला होता आणि जिभेवर पेपरमिंटची गार चव होती. मी पेपरमिंट खात नाही, दातांना सोसत नाही.

"त्याने गोळी काढली म्हणालीस," वन्सं हळू आवाजात म्हणाल्या. "दाताने तोडून अर्धी तिला दिली. मग तिने मोजलं. नव्वद वेळा साठ."

नव्वद वेळा साठ. पाच चाळीसपासून सात दहापर्यंत. ही गोळीची गोष्ट मी टाइप केली होती आणि पार विसरले होते.

वन्संनी माझ्या कपाळाला हात लावला. "ताप नाही. वयाचं असेल. पण या वयात बायकांना गरमी होते गं, जबाब नाही होत."

हसावं म्हणून त्या बोलल्या. दोघींनाही हसू आलं नाही. त्यांना तो जबाब आठवला होता की नाही, ते मी विचारलं नाही. त्यांनीही मला विचारलं नाही.

"सूनबाई," दाराकडून मामंजी बोलले. मान रस्त्याकडेच होती. "त्या दोन पानांची रुजवात घेऊ नका. तशीच बांधा."

ज्या माणसाने आम्हांला शिकवलं की रुजवात न घेतलेला कागद म्हणजे न चाळलेलं पीठ, खडा दुसऱ्याच्या दाताखाली येतो, तो माणूस हे म्हणत होता. आम्ही काय ऐकलं, त्यांनी विचारलं नाही. तेही ऐकत होते. डोळे गेलेत, कान नाहीत.

गुरुवारी आम्ही ती दोन पानं वगळून पुढचं सगळं तपासलं. काही झालं नाही. दुपारी मी नव्या संचावर क्रमांक मारायला बसले. यंत्र दाबलं की आकडा उमटतो, पुढचा आपोआप वर येतो. चुकायला जागा नाही. दोनशे बारा पानं होती. शेवटच्या पानावर दोनशे तेरा उमटला.

हाताने मोजली. दोनशे बारा. पुन्हा मोजली. मग एकेक उलटून पाहिलं. चौऱ्याऐंशीच्या पुढच्या पानावर शहाऐंशी होता. पंच्याऐंशीचा ठसा कुठल्याच पानावर नव्हता. टेबलावर नव्हता, खाली नव्हता, माझ्या हातावरही नव्हता. यंत्राने तो कशावर तरी मारला होता.

मामंजींनी यंत्र हातात घेऊन अंगठ्याने चाचपलं. "जुनं झालंय," ते म्हणाले.

यंत्र गेल्याच वर्षी घेतलं होतं.

शुक्रवारी वन्संनी पंच्याऐंशीपासूनची सगळी पानं नव्याने छापली आणि मी क्रमांक हाताने घातले. अडीच वाजता मावशी आल्या. वकिलांनी त्यांना सांगितलं होतं की दप्तर आज जाणार. त्या बाकावर बसल्या, पदराने चष्मा पुसला, मग गठ्ठ्याकडे बघत राहिल्या.

"हेच का ते?"

"हेच," मी म्हणाले.

"वकील म्हणाले, आता नवीन काही सांगता येणार नाही. यात असेल तेवढंच बघतात." त्यांनी चष्मा लावला. "माझ्या पोराचं सगळं आहे ना यात?"

प्रिंटरचा पंखा फिरत होता. वन्सं दोरा ओवत होत्या, तो सुईतून निसटला.

"बसा, मावशी," त्या म्हणाल्या. मावशी बसलेल्याच होत्या.

मामंजींनी दाखला पुढे ओढला आणि पेन शोधायला लागले. पेन त्यांच्या खिशातच होतं. वन्संनी गठ्ठा ठोकून सारखा केला, पहिली भोकं पाडली आणि थांबल्या.

"हे पंचनाम्याचं पान कालच्या गोंधळानंतर नवं छापलंय. एवढं एक बघून घेऊ."

"राहू दे," मामंजी म्हणाले.

"बाबा, बिनरुजवातीचं पान मी आजवर बांधलेलं नाही." आवाज भांडखोर नव्हता, नुसता सवयीचा होता. त्यांनी मूळ पान उचललं. मी नवं पान समोर घेतलं. नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

वन्संनी श्वास घेतला.

"साक्षीदार क्रमांक चौदा स्वल्प समक्ष विचारल्यावरून सांगते की"

या वेळी मी त्यांना थांबवलं नाही. लिफ्ट अडकली, दिवा गेला. साठ, पुन्हा साठ. गोळी तुटली. मावशी गुडघ्यांवर हात ठेवून बसल्या होत्या. रुजवात त्यांनी इथे नेहमीच ऐकली आहे, त्यांना तो पाऊस पडल्यासारखा आवाज.

"सात दहाला दिवा आला पूर्ण तो म्हणाला स्वल्प बघा बाई स्वल्प मोजून मोजून वेळ गेला पूर्ण"

इथे पान संपत होतं. मला नक्की आठवत होतं, याच्या खाली अंगठ्याची जागा मी सोडली होती. मी बोट उचलायला गेले.

"नवा परिच्छेद," वन्सं म्हणाल्या.

नवा परिच्छेद नव्हता. मी टाइप केला नव्हता.

"त्यानंतर मी टायपिंगच्या दुकानात गेले पूर्ण सून म्हणाली स्वल्प आमच्याकडे कागद राहत नाहीत पूर्ण मी निघून गेले पूर्ण तेव्हापासून मी रोज सांगते पूर्ण"

मामंजींचं पेन कागदाला टेकलं होतं. सही सुरू झाली नव्हती.

"नवा परिच्छेद दुकानात घरचे तिघं आहेत पूर्ण म्हातारा दाराशी आहे पूर्ण मुलगी वाचते आहे स्वल्प तिला ऐकू येत नाही पूर्ण सून बोट फिरवते आहे पूर्ण"

मी खाली पाहिलं. माझं बोट फिरत होतं. पंचनाम्याच्या ओळींवरून, वन्संच्या शब्दांच्या गतीने, डावीकडून उजवीकडे. ओळ संपली की खालच्या ओळीला. मी ते थांबवायचा प्रयत्न केला.

थांबलं नाही.

"बाकावर त्याची आई आहे पूर्ण"

मावशींनी मान वर केली.

"बाळ, पुरे," मामंजी म्हणाले.

"म्हातारा म्हणतो स्वल्प बाळ स्वल्प पुरे पूर्ण"

पेन मामंजींच्या हातातून सुटलं, टेबलावरून गडगडत खाली गेलं. कोणी उचललं नाही.

"सून म्हणते स्वल्प अवतरण सुरू"

आणि वन्सं थांबल्या.

अडखळल्या नव्हत्या. डोळे कागदावर होते, ओठ किंचित उघडे. समोरच्याचं लिहून व्हायची वाट बघत माणूस थांबतो, तशा थांबल्या होत्या. माझं बोटही थांबलं होतं.

रस्त्यावर कोणाचा तरी हॉर्न वाजला. घड्याळात चारला दहा कमी होते, म्हणजे खरं तर पंधरा.

मामंजींकडे पाहिलं. ऐंशीच्या पुढचा माणूस. कोर्टात उभं केलं तर पायऱ्याही चढता येणार नाहीत. वन्सं तर समोर बसूनही इथे नव्हत्याच. दुकान जाईल. मी आत जाईन, कदाचित तिघंही. हातात पुरावा एकही नाही, साक्षीदार चार वर्षांपूर्वी गेलेली. नुसता माझा शब्द.

मामंजी माझ्याकडे बघत होते. दिसत नसताना. त्यांनी दाखला उलटा करून ठेवला.

"काय झालं गं?" मावशी म्हणाल्या. "काय वाचतेय ती?"

"मावशी," मी म्हणाले. आवाज माझाच होता, हे मला ऐकून कळलं. "यात सगळं नाही. तुमचा मुलगा त्या वेळी गोदामात नव्हता, लिफ्टमधे अडकला होता. एका बाईने तसा जबाब दिला होता. तो आम्ही काढला. तिघांनी मिळून. आम्हांला नऊ वर्षं माहीत आहे."

"अवतरण बंद पूर्ण आई म्हणते स्वल्प अवतरण सुरू," वन्सं म्हणाल्या.

मावशींनी अजून तोंड उघडलं नव्हतं.

माझं बोट मात्र खालच्या ओळीवर सरकलं होतं.